सोरायसिस आणि नवी जैविक औषधे



सोरायसिस हे नाव आता खेडोपाडीही कानांवर येऊ लागले आहे. तथापि त्या नावामागील रोग ओळखणारे थोडे आणि त्याविषयी भलत्याच समजुती बाळगणारे फार, अशी आपल्याकडील स्थिती आहे. कोपर, गुडघे, कंबरेचा मागील भाग, डोक्यावरील त्वचा अशा ठिकाणी उंचवट्याचे व स्पष्ट कडांचे चट्टे उठतात. गोऱ्या कातडीवर ते तांबूस दिसतात, सावळ्या कातडीवर जांभळट किंवा राखी. त्यांवर अभ्रकाच्या पापुद्र्यांसारखे चंदेरी खवले साचतात आणि ते खरवडले असता खाली रक्ताचे बारीक बिंदू उमटतात. सोरायसिसच्या दर दहा रुग्णांपैकी आठ-नऊ जण या चट्ट्यांच्या प्रकारात मोडतात. आजचे भाषण त्यांच्याविषयी, आणि त्यातही ज्यांचा रोग मध्यम ते तीव्र स्वरूपाचा आहे अशांविषयी आहे.

आरंभीच सांगावयाचे ते हे की, हा रोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, हात हातात घेतल्याने तो कोणासही होत नाही. अस्वच्छतेशी त्याचा संबंध नाही, आणि ‘रक्त बिघडले’ या आपल्या आवडत्या निदानाशीही नाही. घराण्यात कोणास असल्यास तो होण्याचा संभव वाढतो. मग घशाचा एखादा संसर्ग, मनावरील ताण, कातडीला झालेली जखम किंवा काही औषधे निमित्ताला पुरतात. भारतात, बहुतांशी रुग्णालयांतून, ज्या पाहण्या झाल्या त्यांत त्याचे प्रमाण ०.४४ पासून २.८ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा मनुष्य असावयाचाच. फक्त तो लांब बाह्यांचा सदरा घालतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही.

या लपविण्याला फार जुना इतिहास आहे. बायबलाच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात अंगावर चट्टे असलेल्या मनुष्याची याजकाने कशी परीक्षा करावी आणि त्याला वस्तीबाहेर कसे ठेवावे, याचे तपशीलवार नियम आहेत. तेथील मूळ हिब्रू शब्दात अनेक त्वचारोगांचा समावेश होत असावा, आणि त्यांत सोरायसिसही असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. ग्रीक भाषांतरात त्या शब्दासाठी ‘लेप्रा’ हा शब्द आला. या ग्रीक शब्दाचा अर्थ खवल्यांचा रोग एवढाच होता. पण पुढे तोच शब्द कुष्ठरोगाला चिकटला, आणि खवले असलेला प्रत्येक मनुष्य कुष्ठरोग्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट विलन या इंग्रज वैद्याने सोरायसिसचे बारकाईने वर्णन केले. परंतु ‘लेप्रा’ हे नाव त्यालाही सोडवेना. १८४१ साली व्हिएन्ना येथील फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनी ते नाव पार काढून टाकले आणि दोन रोगांची कायमची फारकत केली. शास्त्रातील ही फारकत होऊन पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी समाजातील फारकत अद्याप व्हावयाची आहे. (कुष्ठरोग्यालाही दूर लोटण्याचे कारण आज उरलेले नाही. तो रोग औषधांनी पूर्ण बरा होतो, ही गोष्ट येथे जाता जाता सांगितली पाहिजे.)

आता उपचारांकडे वळू. त्यांच्या इतिहासातील एक प्रकरण गोव्याच्या नावाने प्रसिद्ध आहे आणि ते गोव्यातच फारसे कोणास ठाऊक नाही. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचा एक उंच वृक्ष होतो. त्याच्या खोडातील पोकळ्यांत एक पिवळसर भुकटी साचते. ती डोळ्यांत गेली तर भयंकर आग होते, म्हणून खोड फोडणाऱ्यास तोंडाडोळ्यांना फार जपावे लागते. ब्राझील आणि गोवा हे दोन्ही मुलूख त्या काळी पोर्तुगीजांच्या सत्तेखाली होते; जहाजे एकाच साम्राज्याच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जात. त्या वाटेने ही भुकटी गोव्यास आली आणि येथे गजकर्णावर, नायट्यावर लावण्याचे औषध म्हणून तिने नाव मिळविले. गोव्यातून ती हिंदुस्थानच्या इतर भागांत गेली आणि इंग्रजांनी तिला ‘गोवा पावडर’ असेच नाव दिले. झाड बाहियाचे, नाव गोव्याचे! १८७६ साली लंडनमधील त्वचारोगतज्ज्ञ बालमॅनो स्क्वायर यांना असे दिसून आले की, गजकर्णाची ही भुकटी सोरायसिसचे चट्टेही घालविते. तिच्यापासून काढलेले क्रायसारोबिन हे द्रव्य मग युरोपभर वापरात आले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ते मिळेनासे झाले, तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञांनी त्याच धर्तीचे डायथ्रॅनॉल हे कृत्रिम द्रव्य तयार केले; १९१६ पासून ते प्रचारात आले आणि ते विसाव्या शतकात दीर्घकाळ सोरायसिसच्या उपचारांचा आधार होऊन राहिले. त्याने कातडी तपकिरी होई, चादरी डागाळत, सभोवतालच्या निरोगी त्वचेची आग होई. पण गुण येई.

डांबरापासून काढलेले मलम, अतिनील किरण आणि १९७४ नंतर सोरालेनची गोळी देऊन मग किरण देण्याची पद्धत हे सारे उपाय याच परंपरेतील होत. सोरालेन हे नाव आपल्या बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे. या सर्वांमागील समजूत साधी होती. रोग कातडीवर दिसतो, तेव्हा तो कातडीचाच असणार. त्या समजुतीला पुरावाही होता. निरोगी त्वचेची पेशी खालच्या थरात जन्मून वर येऊन झडावयास सुमारे महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी पुऱ्या पिकण्यापूर्वीच वर लोटल्या जातात, एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांचे खवले होतात. मग त्वचेची ही घाई थांबविली म्हणजे झाले, असे वाटणे स्वाभाविक होते.

१९५१ साली अमेरिकेत गुबनर व त्यांचे सहकारी यांनी संधिवाताच्या रुग्णांना ॲमिनोप्टेरिन हे औषध दिले, तेव्हा त्यांतील सोरायसिसच्या रोग्यांची कातडी स्वच्छ होत असल्याचे त्यांना दिसले. हे औषध मुळात कर्करोगावरचे. ते आणि त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट ही दोन्ही ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत जन्मली, तिच्या संशोधनाचे सूत्रधार होते आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ साली ते वारले; आपल्या औषधाचा हा दुसरा गुण त्यांच्या कानी गेला नाही. मेथोट्रेक्सेट पेशींची वाढ रोखते, म्हणून ते त्वचेच्या पेशींना आवरत असावे, असाच अर्थ तेव्हा लावला गेला.

या समजुतीला खरा धक्का बसला तो १९७९ साली. सायक्लोस्पोरिन हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबते आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविलेल्या रुग्णाच्या शरीराने ते झिडकारू नये म्हणून ते देतात. म्यूलर आणि हेरमान या संशोधकांनी ते सोरायसिसच्या संधिवातावर देऊन पाहिले, तो कातडीवरील चट्टे झपाट्याने मावळले. मग बिघाड पांढऱ्या पेशींत, विशेषतः टी-पेशी म्हणून ज्या ओळखल्या जातात त्यांत, असला पाहिजे, हा विचार बळावला. पुढील तीन दशकांच्या संशोधनाने तो खरा ठरला.

हे कसे घडते ते थोडे सावकाश सांगतो. गावात रात्री जागल्या असतो. चोर दिसला की त्याने हाक द्यावी, ती ऐकून माणसे गोळा व्हावीत आणि चोर पळाला की सर्वांनी घरी जाऊन झोपावे, ही रीत. सोरायसिसमध्ये चोर नसतानाच हाक दिली जाते, आणि एकदा गोळा झालेली माणसे परतण्याचे नावच घेत नाहीत. त्वचेतील पहाऱ्याच्या पेशी इंटरल्यूकिन-२३ नावाचा निरोप सोडतात. तो मिळताच टी-पेशींची एक विशिष्ट तुकडी जागी होते आणि इंटरल्यूकिन-१७ हा दुसरा निरोप त्वचेच्या पेशींना धाडते. त्वचेच्या पेशींना वाटते, आपणांवर हल्ला झाला. त्या भराभर वाढू लागतात आणि स्वतःही निरोप धाडून आणखी पांढऱ्या पेशींना बोलावितात. टी.एन.एफ. या संक्षिप्त नावाचे तिसरे एक द्रव्य या साऱ्या गोंगाटाला जोर आणते. असे हे वर्तुळ आहे. मलमाने त्याची एक कड थोडी विझते. मधला फिरता भाग तसाच राहतो. म्हणूनच पुष्कळ रुग्णांत हा रोग सांध्यांपर्यंत जातो. शंभर रुग्णांत सुमारे तिसांपर्यंत लोकांना संधिवात जडतो. तीव्र रोग असणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, उदासीनता यांचे प्रमाणही अधिक आढळते. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव केला, तो या रोगाला नुसती कातडीची कुरबूर समजू नये म्हणूनच.

जुनी औषधे साऱ्या जागल्यांना एकदम निजवीत. नव्या औषधांची करामत अशी की, ती एकच निरोप वाटेत अडवितात. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी एकाच लक्ष्याला जाऊन चिकटणारी प्रतिद्रव्ये हवी तितकी तयार करण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना तीबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ही प्रतिद्रव्ये रसायनांच्या भट्टीत तयार होत नाहीत. ती प्रयोगशाळेत वाढविलेल्या जिवंत पेशींकडून करून घ्यावी लागतात, आणि याच कारणाने त्यांना जैविक औषधे म्हणतात. ती प्रथिने असल्यामुळे गोळीच्या रूपाने घेतली तर पोटात अन्नाप्रमाणे पचून जातील; यास्तव ती सुईनेच द्यावी लागतात, बहुतेक कातडीखाली. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘मॅब’ ही अक्षरे आढळतात ती या प्रतिद्रव्यांच्या कुळातील, असे समजण्यास हरकत नाही.

टी.एन.एफ. अडविण्याचा विचार प्रथम संधिवातात यशस्वी झाला. लंडन येथे मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली संधिवाताच्या रुग्णांवर हा प्रयोग सुरू केला. त्याच वर्गातील औषधांना पुढे अमेरिकेत चट्ट्यांच्या सोरायसिससाठी मान्यता मिळत गेली : २००४ मध्ये एटानर्सेप्ट, २००६ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब, २००८ मध्ये ॲडालिमुमॅब. २००९ मध्ये उस्टेकिनुमॅब आले. या औषधाची हकीकत मोठी गमतीची आहे. ते इंटरल्यूकिन-१२ या निरोपाला अडविण्याच्या हेतूने सिद्ध होत होते. पण इंटरल्यूकिन-१२ चा एक भाग इंटरल्यूकिन-२३ मध्येही असतो, असे २००० साली कळले. आणि सोरायसिसचा खरा सूत्रधार हा दुसराच निघाला. बाण दुसऱ्यावर सोडलेला, लागला मात्र नेमका हव्या त्याला. त्यानंतर २०१५ मध्ये सेक्युकिनुमॅब, २०१६ मध्ये इक्सेकिझुमॅब ही इंटरल्यूकिन-१७ अडविणारी औषधे, आणि २०१७ मध्ये गुसेलकुमॅब, २०१९ मध्ये रिसॅनकिझुमॅब ही केवळ इंटरल्यूकिन-२३ अडविणारी औषधे आली.

सर्वच वाटा सुखरूप गेल्या असे नव्हे. २००३ मध्ये मान्यता मिळालेले एफॅलिझुमॅब हे औषध मेंदूच्या एका दुर्मिळ व प्राणघातक संसर्गाचे प्रकार आढळल्यामुळे २००९ मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले.

गुण किती येतो? रोगाचे मोजमाप करण्यासाठी डॉक्टर शून्यापासून बहात्तरपर्यंतचा एक गुणांक वापरतात. चट्ट्यांचा तांबूसपणा, जाडी, खवले आणि व्याप्ती यांवरून तो काढतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर हा गुणांक तीन चतुर्थांशाने उतरलेले रुग्ण सेक्युकिनुमॅबच्या मोठ्या मात्रेने शंभरांत ७७ होते, एटानर्सेप्टने ४४, आणि ज्यांना नुसते औषधाचे सोंग टोचले होते त्यांत पाच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत कसोटी आणखी कडक होती. गुणांक नव्वद टक्क्यांनी उतरला पाहिजे, अशी. सोळा आठवड्यांत ती कसोटी रिसॅनकिझुमॅब घेणाऱ्या शंभरांतील ७५ जणांनी पार केली. उस्टेकिनुमॅबने ४२ जणांनी. वीस वर्षांपूर्वी डॉक्टरसुद्धा अशी अपेक्षा बोलून दाखविण्यास धजले नसते. पहिल्या काही मात्रा गेल्यानंतर रिसॅनकिझुमॅबची सुई बारा आठवड्यांतून एकदाच घ्यावी लागते, म्हणजे वर्षाकाठी चार-पाच वेळा.

परंतु ही औषधे सर्वांसाठी नव्हेत, आणि येथे थोडे थांबले पाहिजे. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसह म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का, असा हिशेब धरतात. दहा तळहातांहून अधिक जागेवर चट्टे असले तर रोग मध्यम ते तीव्र समजावयाचा. त्याहून थोडे असतील तर मलमे किंवा किरणोपचार यांनी बहुधा भागते. पण हा हिशेब आंधळेपणाने लावता येत नाही. चेहरा, डोके, नखे, तळहात, तळपाय, गुह्यांग या जागी थोडासा रोगही मनुष्याला निकामी करू शकतो. आमच्या भागातील एका पोदेराची, म्हणजे पाव भाजणाऱ्याची, गोष्ट सांगतो. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. बापाच्या दोन्ही तळहातांना भेगा पडून खवले धरले होते. अंगावर इतरत्र काही नव्हते. म्हणजे हिशेबाने दोन टक्के. पण दारोदार फिरून पाव देणारे ते हात लोकांनी पाहिले आणि महिन्याभरात निम्मी घरे सुटली. कोणी भांडले नाही, कोणी कारण सांगितले नाही; उद्यापासून नको, एवढेच म्हणाले. मुलगा शाळेत दप्तरातील पाव लपवून खाऊ लागला, तेव्हा मला प्रकार कळला.

पुढे या गृहस्थाने जे केले तेच आपल्याकडील असंख्य लोक करतात. जवळच्या गावात सुया टोचून पंधरा दिवसांत चट्टे घालविणारा एकजण होता. त्याच्याकडे हा गेला. त्या सुयांत स्टेरॉइड असते. चट्टे खरोखर जातात, मनुष्य हर्षभरित होतो, आणि सुई थांबली की रोग दुप्पट वेगाने उसळतो. कधी अंगभर पूचे फोड येतात, कधी सबंध कातडी लाल होऊन सोलपटते, ताप भरतो आणि जीव धोक्यात येतो. पोदेराला फोड आले. रुग्णालयात तीन आठवडे काढावे लागले. सोरायसिसमध्ये पोटात किंवा सुईवाटे दिलेले स्टेरॉइड अचानक बंद करणे किती घातक असते, हे प्रत्येक त्वचारोगतज्ज्ञ जाणतो; औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचून मलम मागणाऱ्याला मात्र हे कोणी सांगत नाही. गजकर्णासाठी म्हणून सर्रास विकली जाणारी मिश्र मलमेही, ज्यांत बुरशीनाशकाबरोबर जबर स्टेरॉइड घातलेले असते, याच जातीची. गोल चट्टा दिसला की गजकर्ण, असे ठरवून ती महिनोन्‌महिने चोळणारे घरोघर आहेत.

या पोदेराला शेवटी गुण आला तो कोणत्याही महाग औषधाने नव्हे, सुब्बारावांच्या मेथोट्रेक्सेटने. आठवड्यातून एकदाच घेण्याच्या काही गोळ्या, दुसऱ्या दिवसांत फॉलिक ॲसिड आणि रक्ताची वेळोवेळी तपासणी. एका हिवाळ्यात त्याचे हात कामाला लागले. मेथोट्रेक्सेट जुने आहे, स्वस्त आहे आणि आपल्याकडे अजूनही पहिली निवड बहुधा तेच असते. त्यात कमीपणा काही नाही. एक गोष्ट मात्र शंभरदा सांगितली तरी थोडी. ते आठवड्यातून एकदा घ्यावयाचे औषध आहे. रोजचे समजून कोणी ते घेतले तर रक्त तयार होण्याचे थांबते आणि मृत्यू ओढवतो. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, आणि घरातील वृद्धांच्या हाती सबंध पाकीट देऊ नये. मद्य घेणाऱ्याच्या यकृताला ते अपाय करते. स्त्रीला गर्भधारणेच्या काळात ते घेता येतच नाही, आणि पुढे मूल हवे असले तर आधीच डॉक्टरांशी बोलावे लागते.

ज्यांना मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी गुण येत नाही, ज्यांना ती सोसत नाहीत, किंवा ज्यांचा रोग फारच पसरलेला आहे अथवा सांध्यांत उतरला आहे, त्यांच्यासाठी जैविक औषधांचा विचार होतो. आपल्या देशात त्याआधी एक पायरी चुकवून चालत नाही, ती क्षयाच्या तपासणीची. जगातील सुमारे चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. त्याहून कितीतरी अधिक लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निजलेले असतात. शरीर त्यांच्याभोवती पांढऱ्या पेशींची भिंत बांधून त्यांना कोंडून ठेवते. ही भिंत उभी ठेवण्यास टी.एन.एफ. लागते. तेच औषधाने अडविले की भिंत ढासळते आणि जुना क्षय जागा होतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यावर क्षय झालेल्या सत्तर रुग्णांचे वृत्त २००१ सालीच प्रसिद्ध झाले होते. म्हणून सुई सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र, कातडीतील चाचणी किंवा रक्ताची तिच्यासारखी चाचणी करावयाची. निजलेला क्षय आढळला तर त्यावरील औषध आधी सुरू करावयाचे. इंटरल्यूकिन-१७ व २३ अडविणाऱ्या औषधांत हा धोका बराच कमी आहे, तरी तपासणी टाळू नये. कावीळ ब व क यांच्याही चाचण्या होतात. इंटरल्यूकिन-१७ अडविणाऱ्या औषधांनी तोंडात बुरशी येण्याचा संभव असतो, आणि ज्याला आतड्यांचा दाहक विकार आहे त्याने ती टाळावीत. जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना घेत नाहीत. घाईने सुई देणाऱ्यापेक्षा आधी दहा प्रश्न विचारणारा डॉक्टर शतपटीने बरा.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावी लागते, कारण जाहिराती ती सांगत नाहीत. रोग समूळ जात नाही. सुई चालू आहे तोवर जागल्याची हाक कोणास ऐकू जात नाही; सुई थांबली की काही महिन्यांत चट्टे बहुधा परत दिसू लागतात. त्वचा स्वच्छ झाल्यावरही जुन्या चट्ट्यांच्या जागी काही टी-पेशी दबा धरून राहतात. एकदा गेलेला चट्टा नेमका त्याच जागी का परततो, याचे उत्तर त्यांच्यात आहे. औषध लवकर सुरू केल्यास या पेशी तेथे ठाण मांडण्यापूर्वी रोग आटोक्यात आणता येईल काय, याचा अभ्यास चालू आहे.

आता पैशाची गोष्ट. या औषधांची एकेक सुई हजारो रुपयांच्या घरात जाते आणि उपचार वर्षानुवर्षे चालावयाचा. आपल्याकडील पुष्कळसे आरोग्यविमे रुग्णालयात खाटेवर पडल्याशिवाय पैसे देत नाहीत. सोरायसिसचा रुग्ण तर चालत येतो आणि चालत जातो. विम्याच्या या नियमाचे समर्थन मला तरी करता येत नाही. भारतीय कंपन्यांनी या बाबतीत काही केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने क्यूबातील हवाना येथील संशोधन संस्थेच्या सहकार्याने इटोलिझुमॅब हे नवे प्रतिद्रव्य सिद्ध केले आणि २०१३ साली त्याला चट्ट्यांच्या सोरायसिससाठी भारतात मान्यता मिळाली. ते टी-पेशींवरील सी.डी.-६ या खुणेला जाऊन चिकटते. त्याचा गुण नंतरच्या औषधांइतका झपाट्याचा नाही. २०१४ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या झायडस कंपनीने ॲडालिमुमॅबची नक्कल बाजारात आणली. त्या औषधाची जगातील ती पहिलीच नक्कल होती, आणि किंमत अमेरिकेतील मूळ औषधाच्या सुमारे एक पंचमांश होती. नक्कल हा शब्द ऐकून बिचकू नये. जिवंत पेशींकडून करून घेतलेली दोन औषधे अगदी हुबेहूब कधीच नसतात, म्हणून त्यांना समरूप औषधे म्हणतात, आणि मूळ औषधाशी तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्यावरच त्यांना परवानगी मिळते. सुई नको असणाऱ्यांसाठी ॲप्रेमिलास्टच्या गोळ्याही आपल्याकडे आता निरनिराळ्या कंपन्या करतात. गुण सौम्य, पण क्षयाची तशी धास्ती नाही.

ज्यांना ही सुई घरी घ्यावयाची आहे त्यांना तिची रीत दवाखान्यात शिकवितात. मांडीवर किंवा पोटावर, जेथे चट्टा नाही अशा जागी ती घ्यावयाची, आणि दर वेळी जागा बदलावयाची. औषध दोन ते आठ अंश उष्णतेत, म्हणजे शीतकपाटाच्या मधल्या खणात ठेवावे. बर्फाच्या खणात ठेवले तर ते गोठून निकामी होते. शहरातून औषध घेऊन एस.टी.ने गावी परतणाऱ्याने ते थर्मासच्या डब्यात, बर्फाच्या पिशवीला थेट न लावता, मध्ये फडक्याची घडी घालून आणावे. घरी वीज जाण्याचा त्रास असेल, तर गावातील औषधविक्रेत्याशी अगोदरच बोलून त्याच्या शीतकपाटात जागा मागून ठेवावी; बहुतेक जण देतात.